त्यानं डबे माह्या घराकडे वळवले

एकोडीची मी, साकोलीकडली. बाप धानाचा शेतकरी, बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाण्याखाली धानाच्या चार बांध्या, तेवढंच आमचं जग. रेल्वे मी पह्यल्यांदा लग्न करून येताना पाह्यली, काय सांगू तुम्हाले, इंजिनानं शिटी मारली अन् मी नवरी असून सासूच्या मांगं लपली.

मंग या गावात आली, आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी. गाव कसलं, दोन गावं म्हणा. रुळाच्या तिकडे जुनं गाव, शेतीवाल्यांची घरं, आमची बौद्धांची वस्ती, शाळा, विहीर. अन् इकडे स्टेशनटोली, रेल्वेचे क्वार्टर, एक चायची टपरी, लाकडाची टाल, बस. अन् हे सारं कायच्या जिवावर, तं काळ्या दगडाच्या. वर आंबागडाकडले डोंगर, तिकडे मँगनीजची खदान, अन् खदानीतून उतारानं एक लाईन सरळ आमच्या स्टेशनात येत होती. धुळीचं तं विचारूच नोका, धुतलेलं लुगडं वाळे तोवर काळं होये. मंगळवारी फलाटाले लागूनच बाजार भरे, शिंगाडे, मासोळ्या, मोहाडीपासून बाया येत, अन् दुपारची गाडी उभी राह्यली का पाय ठेवाले जागा नसे.

माहा नवरा, माह्या सुशीचा बाप, तिथं पैंटमन. गाडी कोणत्या रुळावर जाईल ते दांडा वढून ठरवाचं, हे त्याचं काम. बोलणं कमी. भाजीत मीठ नसलं तरी जेवून उठे, असा माणूस.

सुशी झाली तवा मी बाळंतपणाले एकोडीले जाणार होती, पण दिवस आंदीच भरले. बारा दिवसाची ओली बाळंतीण मी, घराबाहेर पाय नाही, हे साऱ्या टोलीले माईत. आमचं क्वार्टर कुठं, तं स्टेशनातली एक लाईन पुढं कुठं जात नव्हती, मातीच्या ढिगाऱ्यात संपत होती, त्या ढिगाऱ्याच्या मांगं.

मंगळवार होता. भर दुपारी असं वादळ आलं का टपरीचे टिन उडाले. वर खदानीच्या लाईनीवर दगड भरलेले चार डबे उभे होते, ते वाऱ्यानं हालले म्हणतात, अन् उतार लागला तसे सुटले. इंजिन नाही, माणूस नाही. फलाटावर गाडी उभी, बाजाराच्या माणसानं भरलेली. वरून फोन आला, डबे सुटले, डबे सुटले.

मी लेकरू पाजून राह्यली होती. आंदी जमीन हालली, मंग असा आवाज झाला का मले वाटलं डोंगरच आला. डोळे उघडले तं स्वयंपाकघर नाही! चूल नाही, भित नाही, तिथं लोखंडाचा डबा उभा, अन् काळे दगड माह्या बाजीच्या पायापर्यंत. सुशीच्या नाकातोंडात धूळ गेली होती, रडेच ना. मी बोट घालून काढली, पाठीवर मारलं, तवा रडली पोरगी.

माणसं धावत आली. सुशीचा बाप दारात आला, अन् उभाच राह्यला, आत येईच ना. तवा स्टेशन मास्तराची बायको मले म्हणते, अवं, तुह्या नवऱ्यानं सारं गाव वाचवलं, दांडा वढून डबे इकडे वळवले. इकडे म्हणजे कुठं, मी म्हणलं. तिनं मातीच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं.

मी त्याले विचारलं, मी घरात आहो हे तुम्हाले माईत नव्हतं का?

माईत होतं, म्हणे.

बस, एवढंच. लोकं हार घेऊन आले, त्यानं गळ्यात घालू नाही देला. अन् मी दुसऱ्या दिवशी बापासंग एकोडीले निघून गेली. माय म्हणे, नवऱ्यानं पुण्य केलं. मी म्हणलं, पुण्य त्याचं, अन् मरण माहं?

सुट्टीच्या दिवशी तो ये, अंगणात बसे, चल म्हणे ना. एक दिवस मीच म्हणलं, काही तं बोला. तवा म्हणे, गाडीतली माणसं मले दिसलीच नाही. मले फक्त तू दिसली, पोरगी दिसली, अन् हात तरी तिकडेच गेला. काहून गेला, मले सांगता येत नाही. असं म्हणून तो माणूस माह्या बापासमोर हमसून हमसून रडला.

तरी मी गेली नाही, बाई.

मंग एक दिवस मोहाडीकडली एक अनोळखी बाई आली, तीन लेकरं घेऊन. चौघंही त्याच गाडीत होते म्हणे, शेवटच्या डब्यात. ती माह्याहून मोठी, अन् वाकून माह्याच पाया पडली. मी मांगं सरकली, म्हणलं, माह्या काहून पडता, मी काय केलं? ती म्हणे, घर तं तुहंच होतं न वं. कोणी तं बोललं होतं, माहं काय गेलं ते. दुसऱ्या दिवशी मी पोरीले काखेत घेतलं अन् परत आली.

आता सुशी चौथीत आहे. कोळशाचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, आमाले दुसरं क्वार्टर भेटलं, फाटकाजवळ. त्याले माफ केलं का म्हणून तुमी विचारता. मले माईत नाही, खरं सांगतो. सोबत जेवतो, सोबत हासतो, अन् एखाद्या दिवशी तो पोरीची वेणी घालत असते तवा मी पाह्यतच राह्यतो का हाच का तो माणूस. भला माणूस आहे, त्याले उदंड आयुष्य भेटो. पण त्याच्यावर आली तशी येळ वैऱ्यावरही येऊ नये, बाप्पा.