सुतळीवरची दुसरी गाठ

...नाही पण तुम्हीच सांगा, शेजारच्या दगडी गडग्यापलीकडून अर्धंच वाक्य कानावर आलं, तर उरलेलं अर्धं माणसाने आणायचं कुठून? "जमाल आता घर सोडून चालला, सायकलवरून थेट मंडणगड, आणि मग..." एवढं मैमुनाभाभी, जमालभाईंची बायको, कोणाला तरी सांगत होत्या आणि नेमकी तेव्हाच रिक्षा आली फटफटत! 'आणि मग' काय? परत येणार? नाही येणार? मी आपला गडग्याला कान लावून... म्हणजे गडग्यावरचा पाचोळा काढत होतो हो! मला काय करायचं होतं, सांगा! पण काळजी वाटते ना. तीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस आत्ता कुठे घरी टेकलाय आणि साठीला घर सोडतो? मी फक्त आमच्या हिला, सीतेला सांगितलं. आणि सलूनवाल्या धाकूला. आणि मी वाचनालयात शिपाई आहे, तिथे पेपर वाचायला येतात त्यांना. बस्स!

संध्याकाळी गेलो विचारायला, तर जमालभाई हसायलाच लागले. "अरे सखाराम, सायकलवरून कोण पळून जातो? झाराकडे चाललोय." झारा म्हणजे त्यांची लेक, मंडणगडला दिलीय. ती सात वर्षांची असताना ह्यांनी कबूल केलं होतं, पुढच्या सुट्टीत तुला सायकलवर बसवून गुहागरचा समुद्र दाखवतो. पुढची सुट्टी आली नाही, तिच्या पुढचीही नाही, पोरीच्या लग्नात बाप ब्राझीलच्या बंदरात! "आता ती काय म्हणते माहितेय? 'अब्बा, तुम्ही तारीख सांगतच जाऊ नका.' म्हणून या खेपेस सांगितली नाही. खाड्या होडीने ओलांडीन, घाट सायकलने चढीन आणि तिच्या दारात जाऊन घंटी वाजवीन."

आता सांगा, इथे मी डोळे पुसून घरी यायला हवं होतं की नाही? आलो का? छे!

कारण ही सायकल पाठवणारा त्यांचा भाचा नबील दुबईहून फोनवर ओरडत होता, एवढा मोठ्याने की पडवीतसुद्धा ऐकू येत होतं, "मामू, ही लांबच्या प्रवासाची सायकल आहे, गिअरवाली! हिची फ्रेम मापाने घ्यायची, चपलेसारखी! लहान पडली तर गुडघे जातील, मोठी पडली तर थांबताना आडवे व्हाल! आणि आकडा सांगू नका, मागच्या वेळी इंच-सेंटीमीटरचा घोळ करून तुम्ही मला शर्ट मागितलात की तंबू? सुतळीला गाठ मारून पाठवा!" आपल्याकडची रीतच ती. आखातात माप पाठवायचं ते सुतळीवर.

मग काय, भिंतीला पाठ, पाय अनवाणी आणि दोन मांड्यांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक वर दाबून धरायचं. पुस्तक कोणी आणलं? मी! वाचनालयातले बाइंडिंग केलेले दिवाळी अंक! सहा फुटांचा माणूस पुस्तक मांडीत धरून असा ताठ उभा, आणि भाभी म्हणतात, "अहो, श्वास सोडा, फोटो नाही काढत कोणी!" पुस्तकापासून जमिनीपर्यंत सुतळी धरली, जमालभाईंनी गाठ मारली, खुंटीला टांगली आणि दोघं चहाला आत गेले.

आणि मी एकटा... समोर सुतळी, हातात पुस्तक.

मला काय करायचं होतं, सांगा! पण तुम्हाला खरं सांगतो, पन्नाशी आली, माझं माप कधी कोणी घेतलं नाही. आमच्या वडिलांनी मी दहावीत असताना चोवीस इंची काळी सायकल आणली. 'पोरगा वाढेल.' पोरगा वाढला नाही! आजतागायत मी कठडा बघून चढतो आणि कठडा बघूनच उतरतो. वाटेत कठडा नसला तर तसाच पुढे जातो... एकदा बाजारात जायचा तो भाट्याच्या पुलापर्यंत गेलो! म्हटलं, बघूया तरी आपली किती भरते. लावलं पुस्तक, धरली सुतळी, मारली गाठ. चांगली वीतभर खाली! हसलो आणि सोडायला गेलो, तर सुटते कसली? आयुष्यभर रद्दीचे गठ्ठे बांधलेला हात माझा! नखं लावली, दात लावले आणि तेवढ्यात बाहेर रिक्षा, हा त्यांचा शेजारचा उमेर, दुबईला निघालेला, "चाचा, सुतळी!" म्हणत आला आणि माझ्या दातातून ती घेऊन गेला!

मग दीड महिना... काय सांगू तुम्हाला! जमालभाई रोज हाक मारायचे, "सखाराम, ये, नकाशा बघू." मी बघायचो. त्यांचं बोट खाडीवर आणि माझ्या डोळ्यांपुढे गाठ. कोणती धरली असेल नबीलने? विचारू कसं? आणि न विचारता झोपू कसं?

परवा खोकं आलं. अख्खी आळी त्यांच्या अंगणातल्या खळ्यात. सायकल जोडली, निळी, देखणी हो, आणि जमालभाई बसले... गुडघे कानाला! कोणी हसेना. हँडलला सुतळी बांधून नबीलने चिठ्ठी लावली होती, 'मामू, गाठी दोन होत्या. वरची सैल होती, खालची पक्की, म्हणून खालची धरली.'

जमालभाईंनी सुतळी हातात घेतली. वरची गाठ ओढली, सुटली. "ही माझी. खलाशाची, ओढली की सुटणारी." खालची ओढली. हलेना. मग पडवीच्या कोपऱ्यात बघितलं, तिथे मीच बांधून दिलेला रद्दीचा गठ्ठा. मग माझ्याकडे बघितलं.

सगळं सांगून टाकलं मी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! त्यांनी फक्त घंटीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "झाराला तारीख सांगितली नव्हती, तेवढं बरं."

मला राहवेना. धावत गेलो, आमची काळी घेऊन आलो. "ही न्या! चोवीस इंची आहे!" बसले. दोन्ही पाय टेकले, गुडघे नीट, जशी काही वडिलांनी त्यांच्यासाठीच आणलेली! मी म्हटलं, "पण जमालभाई, हिला गिअर नाही, घाटात?"

"उतरून ढकलू की."

"ढकलू? म्हणजे कोण?"

"मी आणि तू. ती निळी तुझ्याच मापाची आहे ना?"

भाभी म्हणाल्या, "सखारामभाऊ, बसून तरी बघा." बसलो. दोन्ही पाय जमिनीला! आयुष्यात पहिल्यांदा! कठडा नाही, पडायची भीती नाही, आता नाही म्हणायला कारण कुठून आणू?

शुक्रवारी निघतोय. मंडणगड! मी, ज्याने बाजाराच्या पुढे हौसेने कधी पायडल मारलं नाही! आज सीता नळावरून घागर भरून आली ती धापा टाकतच, "अहो, नळावर बायका म्हणतायत, सखाराम घर सोडून चालला, सायकलवरून! खरं का?"

म्हटलं, "अगं, खरं आहे, पण मंगळवारी परत येतोय."

तिने घागर खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. आणि इतकी हिरमुसून म्हणाली हो, "म्हणजे बातमी अर्धीच खरी!"

...मला काय करायचं होतं, सांगा!