पोटाला बूच असलेला बैल

आमचं मूळ गाव कुटलं म्हणाल तर पाण्यात. मुळशीचं धरण झालं, गाव बुडालं, आन माझा बाप टोपलंभर भांडी घेऊन वर डोंगराला येऊन राहिला. जमीन गेली तशी गुरंबी गेली. मी जन्मलो तोच मोकळ्या गोठ्याच्या घरात. आन आमच्यात मोकळा गोठा म्हंजे काय, काय सांगू तुमाला, सोयरिकीला आलेला माणूस पोराचं तोंड नंतर बघतो, आधी गोठा बघतो.

पुढं खाली सरकारी गुरांचं केंद्र निघालं, तितं मी लागलो. डागदरसाहेबांनी एका बैलाच्या कुशीला भोक पाडून रबरी बूच बसवलं होतं. बूच काढायचं, कापडाच्या पिशवीत पेंढा घालून पोटात सोडायचा, दुसऱ्या दिशी काढून बघायचं, किती पचला. आमच्या भाताच्या पेंढ्यानं जनावराचं पोट भरतं पण अंग धरत न्हाई, म्हणून त्यावर साखर कारखान्याची मळी शिंपडून बघायचे. त्या बैलाचं समदं मीच करायचो. एकदा मंत्री आले, बैलाला झेंडूचा हार घातला आन लई येळ बोलले. भाषण संपेस्तोवर बैलानं हार खाल्ला. सकाळी बूच काढलं तर झेंडू वरच. साहेब म्हणाले, नीट बघ, भाषणही तिथंच असेल.

गावात मात्र माझं नाव पडलं कसाई. अशात पलीकडच्या गावचे तात्या पोरीसाठी स्थळ बघाय आले. म्हणाले, गोठा कुटंय? बाप खाली बघाय लागला. मी म्हणलं, चला, दावतो, आन त्यांना सरळ केंद्रात नेलं, बापबी मागनं आला. बैलाचं बूच बघून तात्या दारातच थांबले. जित्या जनावराला भोक पाडणाऱ्याच्या घरी पोरगी देऊ व्हय? मी पुढं झालो आन बूच काढलं. आत पेंढा घुसळतोय, वाफ बाहीर येतीय, आन बैल आपला डोळं अर्धं मिटून रवंथ करतोय. तात्या त्याच्या तोंडाकडंच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, दुखणारं जनावर रवंथ करत न्हाई. बाही सारली आन कोपरापतुर हात आत घातला. आरं, लई ऊन हाय की! हात काढायलाच तयार न्हाईत. शेवटी बाप म्हणला, तात्या, घरी च्या निवतोय.

सुपारी त्याच सांजेला फुटली. चिंचेनं, राखेनं घासला तरी हाताचा वास जाईना, त्याच हातानं तात्यांनी माझ्या कपाळाला टिळा लावला.

आता तो बैल ऱ्हायला न्हाई, दुसरा हाय, त्याचंबी मीच करतो. कसाई म्हणणारेच आता दारात येऊन इचारत्यात, मळी किती शिंपडू रं? सांगतो, चहाबी पाजतो. आन सासरे आले की लेकीच्या उंबऱ्यावर पिशवी टेकवून पाणीबी न पिता केंद्राची वाट धरत्यात. ही माझ्यावर डाफरती, बापानं मला तुमाला दिली का बैलाला?