मानसिंग सपकाळ यांचा जासईतला पैरा

नाव जोतीराम मानसिंग सपकाळ, वय ३४ वर्षे, धंदा कंटेनर यार्डात हमाली, राहणार जासई, ता. उरण, भाड्याच्या खोलीत. मूळ गाव कोयना खोऱ्यातील वाडी, जि. सातारा. दि. ४ नोव्हेंबर १९९५.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी तेजश्रीसह राहतो. वडील मानसिंग, वय ७०, वाडीत एकटे राहून भातशेती करत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वाशीला ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून दिवाळी झाल्यावर मी त्यांना आणायला गेलो. खोऱ्यात कापणी सुरू झाली होती. वडील मला बांधाबांधाने घेऊन फिरले. लोंब्या ते हाताने चाचपून पाहत होते. "आठ दिसांत विळा लागंल. तारीख फुडं ढकल," असे म्हणाले. तारीख पुन्हा लवकर मिळणार नाही, असे मी सांगितले. ते गाडीत बसले.

आमच्याकडे मजूर मिळत नाहीत, पैरा चालतो. आज आपण दुसऱ्याचे कापायचे, मग त्याने आपले. वडील इकडे आल्याने यंदा त्यांनी कोणाचेच कापले नव्हते. तरी शेजाऱ्यांना निरोप धाडू, असे मी बोललो. "फुकाट कुणाला बोलवायचं न्हाई," एवढेच ते म्हणाले.

ऑपरेशन अजून व्हायचे होते. काल सकाळी मी कामावर गेल्यावर वडील पत्नीला "हितंच फिरून येतो" असे सांगून बाहेर पडले. पुढील हकिगत जासईच्या बाळाबाई घरत यांनी मला सांगितली.

त्यांच्या शेतात कापणी चालू असताना वडील बांधावर आले व विळा मागितला. बाळाबाईंनी विचारले, "बाबा, डोल्यांना दिसतं का तरी? न मजुरी काय घेनार?"

"मजुरी न्हाई. मी तुमचं कापतो, मग तुमी आमचं कापा. आमचं उभं हाय."

कुठे, असे विचारल्यावर वडिलांनी कोयनेचे नाव घेतले. बाया हसल्या. "यष्टीचा तिकीट कोन कारनार, तुमी का?" असे एकीने विचारले. वडीलही हसले. बाळाबाई म्हणाल्या, "बरा, येव आमी. आदी भाकर खा."

वडिलांनी दुपारपर्यंत कापले. जेवून ते विळा हातात घेऊन भाताच्या भाऱ्याला टेकून बसले. हाक मारल्यावर उठले नाहीत. दवाखान्यात नेले असता डॉक्टरांनी मयत असल्याचे सांगितले. अंगावर जखम नव्हती. माझा कोणावर संशय नाही, तक्रार नाही.

वाडीत सगळी घरे सपकाळांची, एकाच भावकीची. सर्वांना सुतक आहे. ते फिटेपर्यंत कोणी विळा धरणार नाही. तोवर दाणा झडून जाईल. हे मी दवाखान्याबाहेर पत्नीशी बोलत असता बाळाबाईंनी ऐकले. "आमाला कुठं सुतक हाय? मी त्यांना हो बोललेली हाय," असे त्या म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे शेत अजून निम्मे उभे आहे.

प्रेत गावी नेण्यासाठी टेम्पो ठरवला आहे. सोबत बाळाबाई व त्यांच्याकडच्या तीन बाया येत आहेत. तरी प्रेत आजच ताब्यात मिळावे.

वडिलांच्या हातात मिळालेला विळा पंचनाम्यात जमा आहे. तो बाळाबाईंचा आहे. तोही आजच मिळावा, कापणीला लागणार आहे.

लिहिलेला जबाब मला वाचून दाखवला. मी बोललो तेच त्यात आले आहे व ते खरे आहे.