कोबेच्या बंदरावरचा खर्रा

जपानचं कौतुक मले नका सांगू. पोराकडे कोबेले गेलतो, तवा सूनबाईले शब्द देल्लता, आता तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. अन् संध्याकाळी त्या दोघायसंग बंदर पाह्याले निघतानीच राळेगावहून लपवून आणलेली शेवटची पुडी गालात रिकामी केली. म्हटलं, रस्त्यात देऊ थुकून.

थुकतो कुठं? कचऱ्याचा डब्बा नाही, उघडी नाली नाही. रस्ता आपल्या जेवाच्या ताटापेक्षा साफ.

"बाबा, जहाज पाहा केवढं!" पोरगा म्हणे.

"हं."

"अन् या गल्लीत सारे हॉटेलच हॉटेल. भूक लागली काय?"

"हं."

तोंड गच्च भरलं. पाय एका जागी ठरेना. एका हॉटेलवाल्यानं दारात कमरेतून वाकून नमस्कार केला. मी वाकलो असतो तर सारं त्याच्या बुटावर सांडलं असतं. म्हणून मान वर करून आभाळ पाहत उभा राह्यलो. तो बिचारा अजून खाली वाकला.

पोरगा जागा पाह्याले आत गेला. तशी सूनबाईनं पर्समधून प्लास्टिकची थैली काढली.

"थुका, मामाजी. मी पुसदची हाय. माह्या बाबाचा फुगलेला गाल लहानपणापासून पाह्यला मी."

थुकलो. जीवात जीव आला. म्हटलं, "तुले माहीत होतं, तं दोन घंटे काहून फिरवलं मले?"

"दोन घंटे तुमी कोणाशी भांडले नाही ना," म्हणे, "म्हणून."