आनंद घेणारे पाहिजेत

नाही, पण मला एक सांगा, बागेत माणूस कशाला जातं? बसायला! मग समोर एवढी बाग असताना मी इथे भर रस्त्यात, दुभाजकावर, दोन कुंड्यांच्या मध्ये का बसलेय, हेच ना? काच खाली करून विचारलंतच आहे, तर ऐका. तुमचा सिग्नल चार मिनिटं काही सुटत नाही आणि पाचला माझा फोन वाजणार आहे, त्याच्या आत उरकते. तुम्हाला सांगते, मला फक्त बसायचं होतं हो!

घरी सोय असती तर बाहेर पडले असते का? तीन खोल्या, सहा माणसं. आजोबांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा टीव्ही आम्ही सगळे ऐकतो. आत्याचं शिलाई मशीन सकाळी सुरू झालं की रात्रीच थांबतं. बाबा फोनवर असे बोलतात की पलीकडच्याला फोनची गरजच पडू नये! आणि गेल्या मंगळवारी पाचला माझी नोकरीची मुलाखत, तीही फोनवर. दुसऱ्या शहरातली नोकरी, आणि तिच्याबरोबर राहायला खोली. खोली! जिचं दार आतून लावता येतं!

म्हटलं, बागेत जाऊ. साधीसुधी नाही हं, शहरातल्या उत्तम बागांच्या स्पर्धेत दुसरी आलेली. आत पाऊल टाकलं, तर फुर्र्र! रखवालदाराची शिट्टी. "ताई, हिरवळीवर नाही." बाकावर टेकले. फुर्र्र! "ताई, कालच पॉलिश केलंय." बरं बाबा, उभी राहते. फुर्र्र! "ताई, बाजूला व्हा, फुलं बघणाऱ्यांना अडचण होते." फुलं बघणारे? अहो, बागेत चिटपाखरू नव्हतं!

तेवढ्यात झुडपातून माझे सख्खे काका निघाले. निवृत्त झाल्यापासून बाग समितीचे चिटणीस. "आलीस? बरं झालं! एक माणूस कमीच पडत होतं." कशाला? तर गेल्या वर्षी परीक्षकांनी शेरा मारला होता, 'बाग सुंदर, पण आनंद घेणारं कोणी दिसलं नाही.' दिसेल कसं, काका? वर्षभर कोणाला आत टिकू दिलंत का? "तेच तर!" काका म्हणाले. "म्हणून यंदा आनंद घेणारे नेमलेत."

नेमलेत! यादी होती हो, टाईप केलेली! एक आजोबा होते 'फुलांचा वास घेणारे ज्येष्ठ', ज्यांना फुलांच्या नुसत्या नावाने शिंका येतात. एक जोडपं 'गुजगोष्टी करणारं', ते अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाही, त्यामुळे भांडणार नाहीत या भरवशावर निवडलेलं. आणि तालीम घ्यायला एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, हातात छत्री. "डोळ्यांतून आनंद येऊ दे! दात कमी! कारंज्यापाशी कोण आहे? तुमचा आनंद इथपर्यंत पोचत नाहीये!"

मी म्हटलं, काका, मला सोडा, पाचला फोन यायचाय. "मग उत्तमच! तू 'हिरवळीवर बसलेली तरुणी'. गप्प बसायचं, बाकी काही नाही."

खोटं कशाला बोलू, मी विरघळले. वर्षभरात त्या हिरवळीवर पहिली बसणारी मी! पण गवत दबू नये म्हणून खाली पाट. पाट दिसू नये म्हणून त्याला हिरवा रंग. आणि रंग... ओला.

पाच वाजले. इकडून परीक्षक आले, तिकडून फोन आला. फोनमधल्या बाई विचारतात, "तुमच्यातला सगळ्यात मोठा गुण कोणता?" झुडपातून काका, "आनंद, आनंद!" माझ्या तोंडून गेलं, "आनंद." "अच्छा... ताणात काम करता येतं का?" मी 'हो' म्हणणार, तोवर आजोबांची शिंक! एक, दोन, सात! त्या दणक्याने जोडप्यातल्या काकू दचकल्या आणि बोलल्या. अकरा वर्षांचं सगळं बोलल्या! फुर्र्र! "दात कमी!" परीक्षक माझ्यापुढे वाकून, "काय ताई, घेताय ना आनंद?" फोनमधल्या बाई, "हॅलो, तुम्हाला नक्की काय हवंय?" मी ताडकन उठले, तर पाटही माझ्याबरोबर उठला! मग मी दोघांनाही एकदमच ओरडून सांगितलं, "मला फक्त बसायचं होतं हो!"

बाग पहिली आली. शेरा काय, तर 'बसण्याची एवढी ओढ असलेले नागरिक इतर कोणत्याही बागेत आढळले नाहीत.' आणि पहिली आलेली बाग खराब व्हायला नको, म्हणून समितीने एकमताने तिला कुलूप घातलं. ते बघा, फाटकावर. त्यालाही पॉलिश केलंय.

फोनमधल्या बाई मात्र भल्या हो. म्हणाल्या, "आज पाचला शेवटचा फोन करते, या वेळी शांत जागी बसा." शांत जागा! अख्खं शहर पालथं घातलं, आणि मग हा दुभाजक सापडला. गवत आहे, सावली आहे, शिट्टी नाही. गाड्यांचा आवाज? त्याचं काय एवढं, गाड्या नुसता हॉर्न वाजवतात, सल्ला देत नाहीत! मुख्य म्हणजे एकही वडीलधारं माणूस इथवर...

अहो, ते हात वर करून रस्ता कोण ओलांडतंय? काका? मागे छत्री? आणि रखवालदाराच्या डोक्यावर ते हिरवं काय आहे?

"हलू नकोस गं पोरी, तिथेच बस! दुभाजकांची स्पर्धा जाहीर झालीय! परीक्षक पाचला येतायत!"

आणि हा वाजला माझा फोन. जा तुम्ही, सुटला तुमचा सिग्नल. हॅलो, एक मिनिट हं बाई... हो काका, बसते. पण या वेळी रंग तरी वाळलाय ना?