कोपराचा काटकोन

तुम्ही चाकणच्या कंपन्यांतली माणसं कशी असता, ते मला विचारा. मी आकुर्डीत एक्स-रे काढते. परवा तुमच्यातलेच एक, पार्टची मापं तपासणारे क्वालिटीवाले काका आले, बाइकवरून पडलेले, कोपर सुजून टम्म. म्हटलं, "काका, हात टेबलावर ठेवा आणि कोपर काटकोनात वाकवा."

त्यांनी कण्हत वाकवलं.

"बास, झाला काटकोन."

काकांनी दुसऱ्या हाताने खिशातून छोटा गुण्या काढला आणि कोपराला लावून बघितला. "नाही मॅडम, कोन अजून उघडा आहे." मग दात आवळून त्यांनी हात आणखी वाकवला.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलंय."

काकांनी फिल्मवर गुण्या ठेवला, डोळा बारीक केला आणि शांतपणे म्हणाले, "पण काटकोन ओके आहे."