हाकोबकाकांनी खोडलेलं नाव

माझं नाव कल्पना, माहेर मनमाडचं, वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर, आम्ही चार भावंडं आणि मी थोरली. मिस्टरांना इकडे सिडनीत जॉब लागला म्हणून आलो, टूनगॅबीला राहतो, अठरा वर्षं झाली. माझी बी.ए.ची डिग्री इथं कोण विचारतं, मग मी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचा कोर्स केला आणि घरोघरी जायला लागले. आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, जेवू घालायचं. सासूबाई फोनवर म्हणायच्या, एवढं शिकून लोकांची धुणी धुतेस का, मी म्हणायची धुणी मशीन धुतं, मी माणसं धुते.

तर हाकोबकाका. एजन्सीच्या कागदावर लिहिलेलं आर्मेनियन, वय नव्वदच्या पुढं, मी म्हणलं आता ह्यांच्याशी बोलायचं कसं. पहिल्याच दिवशी सूप गरम करून दिलं तर म्हातारा म्हणतो, नमक कम है बेटी. मी बघतच राहिले. तर त्यांचा जन्म कलकत्त्याचा, त्यांचे पूर्वज इराणातनं व्यापाराला आलेले आणि तिथंच राहिलेले, आणि हे तरुणपणी बोटीनं ऑस्ट्रेलियाला आले. बायको वारलेली, एक मुलगी, रिटा, साठीची, दिवसाआड येते. तेव्हापासनं आमचं सगळं हिंदीत. मी त्यांना काका म्हणते, त्यांनाही ते आवडतं.

मागच्या वर्षी रिटानं एक काम काढलं. त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये जुन्या घराण्यांच्या वंशावळी लावायच्या होत्या, मोठ्या बोर्डावर, नावाखाली कोण काय झालं ते. त्यांच्यात नावाजलेली माणसं पण किती, एक जहाजाचा कॅप्टन, काकांची एक आत्या ऑपेरात गाणारी, इथं सिडनीत एक सर्जन आणि एक जज्ज. रिटा मला म्हणाली, कल्पना, डॅडी तुझ्याशी बोलतात, तू जरा नावं विचारून लिहून ठेवशील का, मी म्हणलं नो वरीज. इंग्लिश स्पेलिंग मला जमेना म्हणून मी वहीत मराठीत लिहायची आणि माझी लेक तेजल टाईप करायची. ती म्हणायची, मम्मी, धिस इज लाइक अ किंग्ज फॅमिली. मी हसले खरी, पण मनात आलं, आमच्याकडं पणजोबांच्या मागं अंधार आहे. पणजोबा गेनू, एवढंच. गेनूच्या बायकोचं नाव विचाराल तर आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही, लिहिणारंच कोणी नव्हतं.

काकांकडे वडिलांचं जुनं बायबल होतं, त्याच्या मागच्या पानांवर सगळ्या घराची नावं हातानं लिहिलेली. मला ती लिपी काय वाचता येत नाही, पण एका ठिकाणी शाईनं असं गच्च खोडलेलं होतं की कागद फाटायला आलेला. मी विचारलं, काका, हे कोण. त्यांनी बायबल मिटून बाजूला ठेवलं. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, आणि मी निघायच्या वेळेला बूट घालत होते तर म्हणाले, सिरानूश, मेरी बड़ी बहन, मैंने काटा.

झालं असं होतं, की सिरानूशनं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बंगाली माणसाशी लग्न केलं. वडिलांनी बायबल काढलं आणि पेन काकांच्या हातात दिलं. एकोणीस वर्षांचा होतो, म्हणाले, नाही म्हणता आलं असतं. पुढं बहिणीची दोन पत्रं आली, ह्यांनी उत्तर दिलं नाही. बायकोला सांगितलं नाही, रिटाला तर आपल्याला आत्या होती हेच माहीत नव्हतं.

मी रिटाला सांगितलं. ती चिडली, काकांवर नाही, माझ्यावर. म्हणाली, बोर्ड छापायला गेलाय, आणि तिच्या नावाखाली लिहायचं काय. तिचंही बरोबर होतं, पण मला राग आलाच. मी म्हणलं, रिटा, नाव लिही, खाली काही नाही लिहिलंस तरी चालेल.

काकांना त्या माणसाच्या घड्याळाच्या दुकानाची गल्ली आठवत होती. इथं हॅरिस पार्क भागात मिठाईच्या दुकानात एक बंगाली बाई आहे, मी तिला सांगितलं, तिनं कलकत्त्यातल्या तिच्या भावाला तिथं बघायला पाठवलं. दुकान अजून आहे हो, सिरानूशचा नातू चालवतो. सिरानूश जाऊन वीस वर्षं झाली, पण तिची थोरली मुलगी आहे, माला. एका शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला, काकांनी कोट घालायचा हट्ट धरला, रिटा हाताची घडी घालून मागं उभी. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई आली आणि काका खुर्चीत पुढं सरकले. म्हणाले, मैंने नाम काटा था. ती म्हणाली, माँ को मालूम था, फिर भी आपके अक्षर वाले लिफाफे की राह देखती थी. मग ती म्हणाली, मामा, खाना खाया? आणि काका रडायला लागले, मी त्यांचं तोंड पुसलं, बघते तर रिटा पण डोळे पुसतेय.

माफ केलं का, ते मालानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बोर्ड परत छापला. सर्जन, जज्ज, कॅप्टन आहेतच, आणि त्यांच्या रांगेत सिरानूश, खाली लिहिलंय, शिवणाचा क्लास चालवला, तीन मुली शिकवल्या. ते रिटानं मालाला विचारून स्वतः लिहिलं.

आता काकांचं विसरायचं वाढलंय. जज्ज आठवत नाही, सर्जन आठवत नाही, मला कधी नर्स म्हणतात कधी बेटी. रिटा आली की सिरानूश म्हणून हाक मारतात. सुरुवातीला ती सांगायची, डॅडी, मी रिटा. आता नाही सांगत. त्यांच्या शेजारी बसते, हात हातात घेते आणि माझ्याकडनं शिकलेल्या हिंदीत म्हणते, हाँ, बोलो भाई.